नव्या तांदळाचं पाणी

एकोडी गावची प्रेरणा बोलायला लागली की अख्खी गल्ली हसायची, पण लिहायला बसली की तिच्या अंगात सरकारी पाहुणा शिरायचा. शाळेत ‘आमची गाय’ या निबंधावर तिला पेन मिळालं होतं आणि तेव्हापासून जड शब्दांची खोडच जडली, बघा. गावच्या बायकांच्या गटानं तांदूळ विकायला ब्लॉग काढला. लिहिणार कोण, तर प्रेरणा! ‘आमचा दर्जेदार तांदूळ आपल्या सेवेत सादर करताना आम्हांस अत्यानंद होत आहे.’ वाचायचं कोणीच नाही. तिची सख्खी बहीण राखीसुद्धा नुसता फोटो पाहायची.

त्यात पुण्याच्या एका गिऱ्हाईक बाईंचा निरोप आला : ‘पाहुण्यांसमोर भाताचा नुसता गोळा झाला. पुन्हा घेणार नाही.’

गटाच्या सभेत नीतू कडाडली, “बंद कर तो ब्लॉग! तांदूळ बाजारात नेऊन टाकू.”

प्रेरणाचा चेहरा पडला. चूल, धानाच्या बांध्या, लेकरं सांभाळून तिचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच एक काम होतं.

तिची सासू रेवताबाईही सभेत होती. तिनं तो निरोप पुन्हा वाचायला लावला आणि कपाळावर हात मारला.

“अवं, तांदूळ नवा व्हता ना? त्या बाईनं पाणी जुन्यावाणी ओतलं असंन! कमी टाका म्हणून लिवलं व्हतं का तू?”

“आई, ते तं सगळ्यायले मालूम असते.”

“आपल्याले असते! तिच्या घरी का धान पिकते?”

आता धानाच्या गावात हे शेंबडं पोरही जाणतं. म्हणूनच दहा लेखांत सगळं आलं, तेवढंच राहून गेलं.

“मंग किती पाणी लिहू?” प्रेरणानं विचारलं.

झालं! पेटली सभा.

“वाटीले दीड वाटी,” रेवताबाई म्हणाली.

“कायची दीड! भरपूर पाणी टाकाव अन् पेज काढाव,” नीतूनं तोडलं.

“पेज काढून तुह्या भाताले राहते काय? चव तं पेजेसंग गाय पेते!”

“माह्या भाताले नाव ठेवतेस? तेरवीच्या पंगतीत तीनदा घेतला व्हता ह्याच बुढीनं!”

बायका हसून हसून लोळल्या. प्रेरणानं ते भांडण घरी जाऊन जसंच्या तसं लिहिलं. ‘अत्यानंद’ काढून टाकला. वर एवढंच घातलं : ‘नव्या तांदळाला पाणी कमी लागतं, हे सांगायचं आम्ही विसरलो. चूक आमची. पण मोजून कमी टाकायचं की भरपूर टाकून पेज काढायची, त्यावर आमच्यातच एकमत नाही. दोन्ही करून बघा.’ आणि पुण्याच्या बाईंना मुद्दाम धाडलं.

चार दिवसांत ब्लॉगवर लोकांची रीघ लागली. कोणी दीड वाटीचे, कोणी पेजवाले. पुण्याच्या बाईंनी लिहिलं : ‘उरलेल्या तांदळाचा भात दोन्ही तऱ्हांनी करून पाहिला. मी रेवताबाईंच्या बाजूनं. दहा किलो पाठवा.’

नीतूनं पदर खोचला. “अस्सं? त्या बाईले म्हणाव, मी सोता पुण्याले येऊन पेज काढून दाखवतो! लिव वं प्रेरणा, आत्ताच लिव!”