साहेबांच्या पाइपाची तंबाखू

माझा थोरला भाऊ नाथाजी सतरा वर्षं मराठा पलटणीत होता. हवालदार होऊन घरी आला तेव्हा छातीला लावायची दोन पदकं घेऊन आला. पण कुणी विचारलं की पलटणीत काय केलंस, तर पदकांचं नाव काढायचा नाही. म्हणायचा, "कर्नलसायबाच्या पाइपाची तंबाखू मी करत हुतो." ऐकणारा हसायचा. मग दादा त्याला चावडीच्या कट्ट्यावर बसवून घ्यायचा आणि तासभर सोडायचा नाही.

मी त्याचा धाकटा भाऊ, कृष्णात. मला आधी याचा रागच यायचा. आमच्या शिराळ्याच्या बाजूला घरटी एक माणूस फौजेत. कोण लढाईचं सांगतो, कोण बर्फाचं, आणि आमचा हा तंबाखू कशी वाळवायची ते सांगतो! "तंबाखू वाळवायला सरकारनं पगार दिला व्हय तुला?" असं मी एकदा चारचौघांत बोललो, तर आठ दिवस त्यानं माझ्याशी अबोला धरला.

पण खरं सांगायचं तर काम सोपं नव्हतं. साहेबांची तंबाखू विलायती. गोल डब्यात दाबून बसवलेल्या चपट्या वड्या, हाताला ओलसर. तशीच पाइपात भरली तर दर दोन झुरक्यांना विझते, नळीत पाणी गुरगुरतं आणि वाफेनं जीभ पोळते. दादा ती बोटांनी मोकळी करायचा, पातळ पसरायचा, ऊन लागू न देता वाऱ्याला ठेवायचा, आणि थोड्या थोड्या वेळानं परतायचा. मग एक चिमूट दाबून सोडायचा. "गोळा राह्यली तर वली हाय. कुरकुरली तर मेली. हळूहळू उलगडली, की झाली." पासष्टच्या लढाईत खंदकात गुडघाभर पाणी असताना त्यानं ती सदऱ्याच्या आत, पोटाशी बांधून वाळवली होती. साहेबांचा पाइप त्या पावसातही विझला नाही, हे सांगताना त्याचा आवाज बदलायचा.

पंच्याहत्तर सालच्या श्रावणात साहेबांचं पत्र आलं. ते निवृत्त होऊन पुण्याला राहत होते. रविवारी मोटारीनं कोल्हापूरला निघणार होते आणि वाटेत चार वाजता आमच्या घरी चहा घेणार होते. पुढं लिहिलं होतं, 'तुझ्या हातची तंबाखू ओढायची आहे. तशी पुन्हा कुणी केली नाही.' रजेवर आलेल्या एका जवानाबरोबर त्यांनी एक डबाही आधीच पाठवला होता.

त्या दिवसापासून घरात संचारबंदी लागली. पितळी परात चिंचेनं घासून, पुसून, तीत तंबाखू पसरून सोप्यात खुंटीखालच्या फळीवर चढली. तंबाखू आजूबाजूचा वास ओढून घेते म्हणून फोडणी बंद, मिरची भाजणं बंद, उदबत्तीसुद्धा बंद. माझी बायको रंगू वीस दिवसांची बाळंतीण होती, तिची ओव्याची धुरी पार मागच्या खोलीत गेली. तीन दिवस आम्ही बिनफोडणीची आमटी गिळली. मी कुरकुर केली तर दादा म्हणाला, "सायबानं कवाच माझ्या हाताला नाव ठिवलं न्हाई रं. आता माझ्याच उंबऱ्यात येऊन ठिवायला नको."

रविवारी सकाळी चिमूट हळूहळू उलगडली. दादानं मलाही दाखवली. मग घरात सगळ्यांना बजावलं, "परातीला हात लावायचा न्हाई," आणि दाढी करायला न्हाव्याकडं गेला. मी ओढ्याजवळच्या चिखलात मुरूम टाकायला गेलो, मोटार रुतू नये म्हणून. घरी राहिली बनुवहिनी, दादाची बायको.

वहिनीचं माहेर मिरजेकडं, कृष्णाकाठचं तंबाखूचं रान. तिकडची रीत वेगळी. वाळलेलं पान भर दुपारी कुणी हाताळत नाही, कारण हात लागला की त्याचा भुगा होतो. पहाटे दवानं पान मऊ पडलं की मगच बाया ढिगाला हात घालतात, आणि दव नसेल तर पाण्याचा हबका मारून वर ओलं गोणपाट टाकतात. वहिनी पाच वर्षांची असल्यापासून हे करत आलेली. तिनं परातीकडं पाहिलं आणि बोटानं हलवलं. तंबाखू पार सुकलेली! साहेब येणार आणि नवऱ्याची अब्रू जाणार! तिनं तांब्यातून पाणी घेऊन हलक्या हातानं हबका मारला, वर-खाली केलं आणि ओलं फडकं झाकून ठेवलं. माहेरी शिकलेलं सगळं तिनं मनापासून केलं होतं.

दोनला आम्ही दोघं घरी आलो. दादानं फडकं उचललं, चिमूट दाबली. गोळा तसाच राहिला.

तो परातीशेजारी भिंतीला टेकून खाली बसला. नको तिथं तोंड चालवणं हा माझा धंदा, मीच कडाडलो, "वैनी, काय केलासा ह्ये! तीन दिस बिनफोडणीचं खाल्लं आमी!"

वहिनीला काय झालं ते कळलं तेव्हा आधी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती अशी भडकली की मी मागं सरलो. पण बोलली ती दादाला. "आवं, चावडीवर समद्या गावाला सांगितलासा कशी वाळवायची त्ये. मला कवा सांगितलासा? मला निस्तं म्हनायचं, हात लावू नगंस. तंबाखूत जल्मले मी!"

दादानं वर पाहिलं. आणि परात तिच्यापुढं सरकवली.

"कितपत वाळवायची, त्येवढं सांगा," वहिनी म्हणाली. तेव्हा त्यानं तिला चिमटीचं सांगितलं. तिनं एकदाच ऐकलं. बाहेर भुरभुर पाऊस, वारा ओला, चारला जेमतेम दोन तास. चुलीवर धरली तर धुराचा वास लागणार.

वहिनी मागच्या खोलीत गेली. पावसाळ्यात तान्ह्या पोराची लंगोटं वाळवायला आमच्याकडं शेगडीवर विणलेली टोपली, आमची बुट्टी, पालथी घालतात, तशी ती रंगूच्या खाटेजवळ होतीच. पण त्या बुट्टीला ओव्याचा वास, म्हणून तिनं भाकरीची कोरी बुट्टी काढली. शेगडीत निखारे घेतले, धूर पार निघून जाऊ दिला, वर राखेचा जाड थर दिला. पालथ्या बुट्टीवर धुतलेलं पातळ धोतर पसरलं आणि त्यावर तंबाखू. मग मांडी घालून बसली ती उठलीच नाही. दहाही बोटं सारखी फिरत होती. राखेखाली ऊब जास्त झाली की बुट्टी उचलून बाजूला धरायची, कमी झाली की राख जरा सारायची.

पावणेचारला दादानं चिमूट दाबली. उलगडली. "झाली. काढ."

"न्हाई," वहिनी म्हणाली. "वरनं वाळलीया. आत वल हाय. शेगडीवरनं काढून झाकून ठिवती, घाम फुटू द्या तिला, आतली वल भाईर येऊ द्या. मग बगू."

"अगं, सायेब आलं!"

"मग च्या पाजा की."

मोटारीचा भोंगा वाजलाच. उंच, पांढऱ्या मिशांचे साहेब वाकून आमच्या दारातून आत आले आणि दादानं जो सलाम ठोकला, त्यानं आमची म्हैस दचकली. चहा झाला. साहेबांनी रिकामा पाइप खिशातून काढून गुडघ्यावर ठेवला. दादानं मला डोळ्यानं खुणावलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत उसाच्या लागणीपासून कारखान्यापर्यंत सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं, बिचारे. दुसरा चहा झाला. दादाच्या मानेवर घाम दिसत होता. मला खात्री होती, आत वहिनीनं परत वाळवायला घेतली असणार आणि आता ती जळणार.

तेवढ्यात दाराआडून एक पितळी वाटी पुढं सरकली.

दादानं चिमूट दाबून पाहिली. माझ्याकडं पाहिलं नाही, पण त्याचा आवळलेला जबडा सैल पडला, त्यावरून मला कळलं, की झाली. त्यानं पाइप भरला, काडी ओढून धरली. साहेबांनी झुरका घेतला आणि डोळे मिटले. पाऊण तास ते पाइप ओढत बसले, पलटणीच्या गोष्टी निघाल्या, हसणं झालं, आणि पाइप एकदाही विझला नाही. शेवटी त्यांनी तळहातावर पांढरी मऊ राख झाडली.

"नाथाजी," ते म्हणाले, "वही हाथ. नहीं, पहले से भी अच्छा."

हे ऐकायला दादा किती वर्षं थांबला होता, ते मला माहीत होतं. तो नुसता हसला असता तरी चाललं असतं. घरातलं कुणी तोंड उघडणार नव्हतं, मीसुद्धा नाही. दादा उठला, टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "साब, आज का हाथ मेरा नहीं. बनुबाई का है. मेरी घरवाली." आमच्याकडं नवरा बायकोचं नाव घेत नाही. वहिनीचं नाव त्याच्या तोंडून मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

साहेब उठून उभे राहिले. दारात पदर सावरत वहिनी आली. तिचे डोळे शेगडीच्या उबेनं लाल झाले होते. ती साहेबांकडं नाही, दादाकडं पाहत म्हणाली, "पानी बी मीच मारलं हुतं. त्ये बी सांगा की."

साहेबांनी विचारलं, काय म्हणतात? आणि दादानं सांगितलं. परात, ओलं फडकं, मिरजेकडची रीत, लंगोटं वाळवायची युक्ती, आणि बायकोला कधी शिकवलं नाही ही स्वतःची चूक, एक अक्षर न गाळता, सावधान उभा राहून. दोन्ही पदकं त्या वेळी ट्रंकेत होती. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, की हा माझा भाऊ आहे हे साऱ्या गावाला ओरडून सांगावं.

साहेबांनी वाळवलेली उरलेली तंबाखू बरोबर न्यायला मागितली, तेव्हा ती बांधून द्यायला दादा पुढं झाला नाही. तो वहिनीला वाट देऊन बाजूला उभा राहिला.