चिमटाबाईंनी पास केलेलं पान

त्या वाङ्मयीन त्रैमासिकाच्या कचेरीत त्यांना सगळे चिमटाबाई म्हणत. मजकुरातली चूक त्या धान्यातल्या खड्यासारखी अलगद उचलायच्या म्हणून. शिशाचे खिळे जुळवून छपाई व्हायची, तेव्हापासून बाई प्रुफं तपासत होत्या. भल्याभल्या विद्वानांचे लेख त्यांच्या हाताखालून गेले, पण धडपणे सुटला असा एकही नाही!

आता त्रैमासिकाने कात टाकायचं ठरवलं. नवा फाँट, नवी मांडणी, ऐसपैस समास. आणि संपादकांनी हे काम दिलं कोणाला? तर बाईंच्याच सुनेला. मग काय, घरचं भांडण कचेरीत आणि कचेरीतलं घरात!

"ही काय अक्षरं म्हणायची? मुंग्या निघाल्यात रांगेने," बाई म्हणाल्या.

"आई, जुना फाँट फार जाड आहे हो. पान नुसतं काळंकुट्ट दिसतं."

"दिसू दे. दिसतं तरी!"

खरं दुखणं इथेच होतं आणि ते एकट्या बाईंना ठाऊक होतं. डोळे अधू झाले होते. नव्या चष्म्याने काही फरक पडायचा नाही, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं. जुनी जाड अक्षरं ओळखीची, त्यांच्यावर कसंबसं निभत होतं. ही बारीक अक्षरं आली की बिंग फुटणार आणि खिडकीजवळची खुर्ची जाणार. नवरा गेल्यावर याच खुर्चीने त्यांना उभं केलं होतं. पण हे बोलणार कोणाजवळ? म्हणून परंपरा, अभ्यासकांची सवय, वाचकांचा रोष, जे सुचेल ते पुढे करून बाई भांडत होत्या.

एका सकाळी सुनेने नमुन्याची पानं टेबलावर ठेवली. बाईंनी वरचं पान डोळ्यांशी नेलं, लांब धरलं, उजेडात तिरकं केलं. छे! शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी खाली लिहिलं, 'तपासले. दुरुस्ती नाही.' आणि सही ठोकली.

दुपारी सून तेच पान घेऊन आली. "आई, रागावलात ना? चुकलं माझं. हे तुमच्याकडे यायचंच नव्हतं."

"का? काय झालं त्याला?"

सून टेबलाला वळसा घालून आली. मग खुर्ची ओढून शेजारी बसली आणि हळू आवाजात वाचू लागली. "सासूबाई हटवादी आहेत. सासूबाई कोणाचं ऐकत नाहीत. सासूबाई हटवादी आहेत..." नमुन्याचं पान भरायला काहीतरी मजकूर हवा होता, म्हणून तिने रागाच्या भरात वरपासून खालपर्यंत हेच टाकलं होतं.

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "दिसत नाही गं मला," त्या म्हणाल्या. "आता घरी बसवतील."

"अहो, मग प्रूफ मोठं करून का नाही मागितलंत?"

"मोठं? पान जेवढं, तेवढंच प्रूफ!"

खिळ्यांचं माप असेल तेवढाच ठसा कागदावर उठायचा, आणि बाईंच्या डोक्यात तेच घट्ट बसलेलं. तपासायला अक्षर तिप्पट करता येतं आणि त्रैमासिकाचा अंक छापताना आहे तेवढंच ठेवता येतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तरी कुठे कोणाला बोलू दिलं होतं?

सुनेने घाईघाईने तेच पान मोठ्या कागदावर काढून आणलं आणि टेबलभर पसरलं. बाई वाकल्या. अक्षर न अक्षर दिसत होतं. वेलांट्यांचे डौलदार झोके, ओळींमधली मोकळी हवा.

"अगं बाई! देखणा आहे की गं हा फाँट! आणि मी न बघताच याच्याशी भांडत बसले."

"थांबा, दुसरा मजकूर घालून आणते," म्हणत सून कागद ओढायला लागली.

"राहू दे. वाचू दे मला."

बाईंनी शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. डोळे पुसले, पुन्हा पेन उचललं.

"आता खरंच तपासलंय," त्या म्हणाल्या. "दुरुस्ती नाही."