फ्लेक्सवरचा लगाम

"कोट काढ," धाकटे साहेब म्हणाले. "आन् ती टोपी बी दे."

मांजरसुंब्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमच्या संस्थेची शाळा आहे. मैदानात मांडव होता. खुर्च्यांना पांढरी कापडं, स्टेजवर नारळांचा ढीग. मांडवाच्या दारात मी घोडी धरून उभी. दोन दिवसांपूर्वी घोडेस्वारीच्या राज्य स्पर्धेत मी दुसरी आले होते. सत्कार त्याचाच होता, पण सत्काराची गरज धाकट्या साहेबांना होती. ते अध्यक्षांचे चिरंजीव, आणि त्यांना निवडणूक लढवायची होती. आमच्या भागात पुढारी घोड्यावर बसला की इतिहास आपोआप त्याच्या मागे चालू लागतो, असा समज आहे.

मी कोट काढला. सगळ्यांसमोर. आत घामानं अंगाला चिकटलेला विटका टी-शर्ट. पहिल्या रांगेतल्या बायकांनी माना खाली घातल्या.

स्पर्धेत घालायचा तो कोट संस्थेचा नव्हता. धारूरच्या बँडवाल्यांचे कपडे शिवणाऱ्या मामांनी मोबाईलवरचा फोटो बघून तो मला शिवून दिला होता. साहेबांना बटणं लागेनात. त्यांनी तो उघडाच ठेवला, घोडीवर बसले. घोडीला शाल पांघरली, हार घातला. मला लगाम धरायला सांगितलं.

घोडी हलेना. साहेब लगाम ओढायचे आणि त्याच वेळी टाचा मारायचे. थांब आणि चल, दोन्ही हुकूम एकदम. संस्थाही ते तशीच चालवतात. पण संस्थेला कान नसतात. घोडीचे मागे पडले.

ती बिथरली तर मार खाणार होती. मी जिभेनं टाळूवर आवाज केला. टक् टक्. घोडी चालू लागली. मांडवभर टाळ्या झाल्या.

चार दिवसांनी गेटवर फ्लेक्स लागला. साहेब, कोट, घोडी. लगाम धरणारा माझा हात कापून टाकला होता. लगाम हवेत लोंबत होता.

तो टक् टक् मी आईकडून शिकले. आम्ही मेंढपाळ. मूळ घर धारूरच्या घाटात, पण दिवाळीनंतर सगळा मुक्काम हलतो. पुरुष मेंढरांबरोबर चालतात. घोडी बायकांकडे. तिच्यावर भांडी, पालाचं कापड, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू आणि वर एखादं लेकरू, एवढं सगळं आई बांधायची आणि चाबूक न उचलता ओढ्यापार न्यायची. जिभेवर. मला वाटायचं, जगभर घोडे बायकाच सांभाळतात. पुढं संस्थेच्या वाचनालयात पुस्तकं बघितली तेव्हा कळलं की तसं कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्या वाचनालयाला मी एकटीच वाचक होते. तपासणी आली की शिपाई धूळ झटकायचे. एरवी ते माझं.

संस्थेत मी नववीला आले ती तबेल्यात काम करून शिकायच्या अटीवर. तिथं सुभेदार सर होते, फौजेतून निवृत्त. त्यांनी मला घोडीच्या पाठीवर बघितलं आणि हातातला झाडू काढून घेतला. घोडीचं कागदावरचं नाव विजयश्री. मी तिला साळू म्हणायचे.

आमच्या खेळाला इव्हेंटिंग म्हणतात. तोच स्वार, तोच घोडा, तीन परीक्षा. पहिली आखलेल्या चौकोनात, सगळी चाल मोजूनमापून. दुसरी रानातली, ओंडके, चर, पाणी. तिसरी मैदानातल्या उड्यांची. पहिल्या परीक्षेत तोंडानं आवाज केला की गुण जातात. माझे पहिल्या वर्षी तिथंच गेले. परीक्षक बाई गोड हसून म्हणाल्या, "ही मेंढरं नाहीत, बेटा." बाकीचे स्वारही हसले. रात्री ते परदेशातल्या तबेल्यांबद्दल बोलत होते. मी साळूच्या तबेल्यात जेवले. तिनं माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली होती. त्या तीन दिवसांत मला शिवलेलं तेवढंच.

दोन वर्षं घालवून मी तोंड मिटायला शिकले. मगच दुसरा नंबर आला.

फ्लेक्स बघून मी आईला फोन लावला. रडले.

"कावून रडतीस? घोडी मेली का?"

"न्हाई."

"मग?"

सगळं सांगितलं. तिच्या मागं मेंढरं ओरडत होती. मग म्हणाली, "त्यो बसला ते बसला. पर तू चालवलीस कावून?"

मी फोन ठेवला आणि साळूला वैरण घालायला गेले.

महिन्याभरानं वडवणीच्या बाजाराच्या दिवशी साहेबांची मिरवणूक ठरली. परत साळू, परत माझा कोट. सुभेदार सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "दुसरी घोडी कुठून आणशील? पुढचा मोसम तोंडावर आहे. गप राहा." सर खोटं बोलत नव्हते. साळूशिवाय मी म्हणजे एक कोट.

मी कोट दिला. गप राहिले.

भाजीवाल्यांच्या रांगांमधून मिरवणूक निघाली. चौकात डीजे वाढला, फटाके लागले. साळू थांबली. साहेबांनी लगाम ओढला, टाचा मारल्या. कान मागे. आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब वाकून दातओठ खात म्हणाले, "वाजव की जीभ!"

मी तोंड मिटून उभी राहिले. दोन वर्षं शिकले होते.

"ए पोरी, ऐकू येईना का?"

त्यांनी छडी उचलली. मी ती वरच्या वर धरली. सोडली नाही.

"उतरा," मी म्हणाले. "घोडी जायाची न्हाई."

मेथीच्या जुड्या लावणारी एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "आरं उतर की बाबा, मुकं जनावर शहाणं हाय." चौक हसला. साहेब उतरले. उतरताना पाय रिकिबीत अडकला, तो मीच सोडवला.

"कोट काढा," मी म्हणाले.

"काय?"

"माझा हाय. काढा."

त्यांनी काढला. सगळ्यांसमोर. आत मात्र इस्त्रीचा सदरा होता, त्यामुळे आमची बरोबरी झाली असं मी म्हणणार नाही.

साळूला मी तबेल्यात परत आणली. खरारा केला, पाणी दाखवलं. सकाळी वॉचमननं माझी पेटी गेटबाहेर ठेवली होती. सुभेदार सर खिडकीत होते. बाहेर आले नाहीत. साळू आतून खिंकाळत होती. मी वळले नाही. वळले असते तर जीभ वाजली असती.

आता मी धारूरला आहे. घरात एकटी, बाकीचे मेंढरांमागं. कोट खुंटीला. सकाळी किल्ल्याच्या चढावर पळते, पाय राहिले पाहिजेत म्हणून. अजून उठल्या उठल्या हात लगाम शोधतो.

पुढच्या मोसमाचा अर्ज आणलाय. त्यात स्वाराचं नाव आधी, घोड्याचं नंतर. पहिला रकाना मी पेनानं भरलाय, आईच्या नावासकट. दुसरा रिकामा आहे. घोडा मी शोधीन. सापडला नाही तर पुढच्या वर्षी हाच अर्ज पुन्हा भरीन, आणि पहिला रकाना असाच भरीन. त्यात दुसऱ्या कुणाला बसवणार नाही.