नाथसागराच्या काठावरचं मीठ

आधी माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. पंचनामे आणि जबाब सोडले तर आयुष्यात मी काही लिहिलेलं नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिला, आणि तीही पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यावर. सध्या बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. चिकलठाण्याहून बसने जाताना वर्गातली मुलं म्हणतात, "काका, एखादी केस सांगा ना." सांगता येते, लिहिता येईल का ठाऊक नाही. पण एक घटना अशी आहे की भाजीत मीठ टाकतानाही आठवते. नावं कुणाचीच देत नाही. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

तेव्हा मी नाथसागराच्या काठावरच्या एका ठाण्यात उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका मासेमाराचा फोन आला. "साहेब, बाभळीत एक बोट घुसलीया. माणूस नाय. चपला हायेत." स्टेशन डायरीला नोंद करून मी आणि आमचे हवालदार निघालो.

जेट बोट होती. खालच्या जाळीतून पाणी ओढायचं आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचं, त्या धक्क्यावर ती पळते. सबंध बोट चिखलावर चढून बाभळीत नाक खुपसून बसली होती. किल्ली लावलेली, सीटवर शर्ट, खाली चपला. गुरं पाण्यावर येऊन गेल्यामुळे चिखलात कसलाही माग उरला नव्हता.

बोट दोन मित्रांची. पर्यटकांना फिरवायला म्हणून दोघांनी कोकणातून जुनी विकत आणली होती, त्याला आठवडाही झाला नव्हता. एक मित्र वैजापूरकडचा, तोच बेपत्ता. दुसरा करमाडचा. तो काठावर डोकं धरून बसला होता. "काल सांजच्याला ट्रायल घेतो म्हणून एकटाच गेला साहेब. मी म्हणलं, नगं जाऊ."

दुपारपर्यंत होड्यांतून गळ टाकून शोध सुरू झाला. बेपत्ता मुलाची आई आली. ती रडत नव्हती, आणि तेच पाहवत नव्हतं. गळ वर येऊ लागला की उठून उभी राहायची, रिकामा दिसला की खाली बसायची. मला म्हणाली, "साहेब, त्याला पवता येतं. हिरीत मीच शिकवलं." 

पंचनाम्यासाठी मी बोटीची मागची बाजू तपासत होतो. आदल्या दिवशी पत्रा लागून माझा अंगठा कापला होता. पाणी फेकणाऱ्या त्या तोंडात हात घातला आणि जखम अशी झोंबली की हात झटकून मागे घेतला. अंगठ्याला पांढरा, भुकटीसारखा खर लागला होता. जिभेवर ठेवला, तर खारट.

हवालदार म्हणाले, "साहेब, जेवायला येळ हाय अजून. आत्ताच चाटायला लागले?" मी त्यांनाही दिला. त्यांनी चाखला आणि लगेच थुंकले. नावात सागर असला तरी नाथसागर म्हणजे धरणाचा जलाशय, त्याचं पाणी गोडं.

माझ्यासोबत भरती झालेला एक अधिकारी किनाऱ्यावरच्या ठाण्यात होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, "बोट समुद्रातून काढली की तिच्या पोटातून गोडं पाणी खेळवावं लागतं. नळी जोडायची. आधी इंजिन चालू, मग नळ. थांबताना आधी नळ बंद, मग इंजिन. उलट केलंस तर पाणी इंजिनात शिरतं. आणि धुतलंच नाहीस तर मीठ लोखंड खाऊन टाकतं."

"आणि न धुता गोड्या पाण्यात चालवली तर?"

"मग मीठ राहील कशाला? चालवली की धुतलीच गेली."

मी फोन ठेवला. बोट नाथसागरात उतरलीच नव्हती. म्हणजे मुलगा तिच्यावरून बुडालाही नव्हता. मग गेला कुठे? की या मित्रानेच त्याचं काही केलं? आईला अर्धवट आशा दाखवायची हिंमत झाली नाही. गळ तसेच चालू ठेवायला सांगून मित्राला ठाण्यात आणलं. चहा दिला.

"बोट धुतली होती का?"

"धुतली ना साहेब! जालना रोडला, फोम मारून. वरून पॉलिश केलं, नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली. नवरीवानी दिसत व्हती."

"आणि आतून?"

"आतून म्हंजी?"

त्याला दोष देत नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर असो की मोटारसायकल, धुणं म्हणजे वरून चकाचक. वाहनाच्या पोटातलं मीठ काढायचं असतं, हे आपल्या भागातल्या माणसाच्या डोक्यात येतच नाही. माझ्याही आलं नसतं.

"काल किती वेळ चालली?"

"चांगली तासभर. मी काठावरनं बघितली."

कागदात घेतलेला खर मी पुढे केला. "चाट."

"साहेब?"

"चाट म्हणतो ना."

त्याने चाटला. दारातून हवालदार म्हणाले, "तासभर पाण्यात पळाली अन् मीठ हाय तसंच? भावड्या, तुझी बोट पाण्याला शिवली तरी का?"

मी एवढंच विचारलं, "त्याला मारलंस का?"

"नाय हो साहेब! मी कशाला मारू? जिता हाय तो! लगीन केलंय त्यानं."

मग सगळं बाहेर आलं. मुलगी बौद्ध समाजातली, मुलगा मराठा. दोघंही सज्ञान. मुलाच्या मामांनी तिच्या घरी जाऊन धमकी दिली होती. बुडाला असं कळलं तर कुणी शोधणार नाही, मुलीच्या घरच्यांना छळणार नाही, असा दोघा मित्रांचा हिशेब. ट्रॅक्टर लावून बोट ट्रेलरवरून सरळ चिखलात ओढली. "पाण्यात सोडायचं धाडस नाय झालं साहेब. दोघांनाबी नीट चालवता येत नाय."

"आणि त्याची आई?"

तो खाली मान घालून म्हणाला, "तिचा इचारच केला नाय."

मित्राच्याच फोनवरून नंबर लावला. मुलाचा आवाज मी स्वतः ऐकला, खात्री केली, आणि मगच काठावर गेलो. गळ थांबवले. फोन आईच्या कानाला लावला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाली, "जेवला का?" आणि त्यानंतर पहिल्यांदा रडली. "मुडद्या, कुणाशीबी कर लगीन. पर मला सांगून कर."

नवरा-बायको दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर झाले. मुलीने ताठ मानेने जबाब दिला. मामांना बोलावून लेखी समज दिली. खोटी माहिती दिल्याबद्दल मित्रांवर कारवाई झाली, ती टाळता येण्यासारखी नव्हती. बोट परत देण्याआधी ठाण्याच्या आवारात नळी जोडून धुतली. हवालदार नळावर ओरडत होते, "आधी इंजिन! मग नळ!" मागच्या तोंडातून आधी पांढुरकं पाणी आलं, मग स्वच्छ.

या केसने काय शिकवलं ते नीट मांडता येत नाही. एवढं खरं की आवाज ऐकेपर्यंत मी आईला काही बोललो नाही, ते बरं केलं. आणि त्या दिवशी प्रेत शोधायला गेलेला मी जिवंत माणसाची बातमी घेऊन परतलो. नोकरीत असे दिवस फार थोडे आले.

नवरा-बायको बोट घेऊन कोकणात गेले, एवढंच कळलं होतं. पुढे वर्षानुवर्षं काही नाही. मामांनी गाठलं तर नसेल, असं अधूनमधून मनात येई. परवा हवालदारांचा फोन आला. तेही आता निवृत्त आहेत, कोकणात फिरायला गेले होते.

"साहेब, आपलं मिठाचं गिऱ्हाईक भेटलं. मजेत हायेत. म्हातारीबी तिथंच राहती."

"आई?"

"व्हय. सांजच्याला बोट किनाऱ्याला लागली की नळी घेऊन तीच उभी. मागनं येणारं पाणी वंजळीत धरती, चाखून बघती. गोडं लागलं की मगच सुनेला हाक मारती, 'वाढ गं ताटं, आलं पोरगं.'"