भिंतीवरची हातगाडी चालते, दारातली नाही!

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, तरी माझं डोकं शांत झालेलं नाही.

भाचीच्या वाढदिवसाला आज दुपारी आम्ही सगळे अमरावतीतल्या एका नव्या रेस्टॉरंटात गेलो होतो. तिथं अख्ख्या भिंतीवर न्यूयॉर्कच्या हॉटेलांचा इतिहास लावलाय. मधोमध जुना फोटो आहे, हातगाडीवर शिंपले विकणाऱ्या माणसाचा. खाली लिहिलंय, ‘परमुलखातून पोट भरायला आलेल्या अशाच लोकांनी या शहराला बाहेर खायला शिकवलं.’ मला फार आवडलं ते.

तेवढ्यात मालक दारात गेला. समोर चांदूर बाजारहून पोटासाठी शहरात आलेल्या एक काकू दह्यात भिजवलेल्या गिल्या वड्याची गाडी लावतात.

"काकू, उद्यापासून इथं गाडी नका लावू. हॉटेलचा लूक खराब होते."

"भाऊ, बारा वर्सं झाले, मी इथंच लावून राहिली."

"मंग आता दुसरीकडं लावा!"

मी ताडकन उठले. कॉलेजात असताना आयुष्यात पहिल्यांदा घराबाहेर, मैत्रिणींसोबत खाल्लं ते याच गाडीवर. काकूंना हाताला धरून आत आणलं, भिंतीसमोर उभं केलं आणि ती ओळ मालकाला ऐकू जाईल अशी वाचली.

मालक म्हणतो, "मॅडम, ती हिस्टरी आहे. यांचं वेगळं."

काकू मात्र फोटोकडेच बघत होत्या. मग त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, याची गाडी नाही उठवली काय कोणी?"

काकूंना काय सांगू, मंडळी? तुम्हीच सांगा.