कानटोपीतलं घड्याळ

शीतगृहाच्या आतल्या खोलीत पारा उणे वीसवर असे. वीस मिनिटं काम करायचं, मग दहा मिनिटं बाहेर येऊन हातपाय शेकायचे, असा नियम दारावर चिकटवलेला होता. तो कागदावरच राहिला असता. पाळला जाई तो बीपकाकांमुळे.

त्यांचं खरं नाव हजेरीपटापुरतं. बीपकाका हे नाव घड्याळामुळे पडलेलं. काळ्या प्लास्टिकचं, जाडजूड, आकडेवालं, फुटपाथवर बुटांच्या जोडीहून स्वस्तात मिळालेलं. सोळा वर्षांत ते दोनदा ट्रॉलीखाली आलं, एकदा उकळत्या चहात पडलं, आणि एकदा वाटाण्यांच्या खोक्यात बंद होऊन तीन दिवस गोठून राहिलं. साहेबांच्या भारी घड्याळांच्या काचा आत धुरकट होत, मोबाइल मान टाकत. हे मात्र उबेत आलं की जसंच्या तसं चालू.

"मेलं मरतही नाही," बायको म्हणायची. "तुमच्यासारखंच."

आत जाताना काका ते मनगटावरून काढत, वीस मिनिटांची उलटी मोजणी लावत आणि कानटोपीत डाव्या कानाशी खुपसत. तिथे त्याला ऊब मिळे, आणि पंख्यांच्या घरघरीतही त्याचा आवाज काकांपर्यंत पोहोचे. मग ते ओरडत, "चला, बाहेर." बाकीच्या तिघांना मोजून दाराबाहेर काढत आणि सगळ्यांत शेवटी स्वतः निघत.

या शेवटी निघण्यानेच बोटांचा घास घेतला. टोकं पांढरी पडत आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा लाल होत. यंदा होईनात. शर्टाची बटणं बायको लावून देऊ लागली. आणखी एक वर्ष आत काढलंत तर बोटं राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं. नेमकी तेव्हाच फाटकाजवळच्या वजनकाट्यावरची जागा रिकामी झाली. उन्हातली खुर्ची, एक टेबल, गाड्यांची वजनं लिहायची.

काकांनी व्यवस्थापकांकडे तीन खेपा घातल्या.

"काका, तुमच्या भरवशावर चाललंय सगळं. तुम्ही बाहेर बसलात तर आत कोण बघणार?"

तिसऱ्या नकारानंतर काकांनी घरी येऊन घड्याळ दाराच्या फटीत ठेवलं आणि दार आपटलं. बिजागरी सैल झाली. घड्याळावर ओरखडासुद्धा नाही.

"दारानं काय घोडं मारलंय तुमचं?" बायकोने विचारलं.

चौथ्या खेपेला साहेब म्हणाले, "घड्याळ लंबूला द्या. आठवडाभर सुरळीत चाललं तर काटा तुमचा."

लंबू त्या तिघांतला सगळ्यांत तरुण, दाराच्या चौकटीला डोकं घासेल एवढा उंच. काकांनी त्याला बटणं शिकवली. "कानाशी ठेव. हातावर बांधू नकोस."

"कानात घड्याळ? लोक हसतील हो काका."

"हसू दे."

दोन दिवस ठीक गेले. काका उन्हात बसून बोटं उघडझाप करत. मनगटावर पट्ट्याचा फिकट डाग होता. कानात मात्र दर फेरीच्या विसाव्या मिनिटाला बीप वाजायचंच, आणि नजर आपसूक दाराकडे जायची. दार उघडायचं, वाफ बाहेर पडायची, तीन माणसं दिसायची.

तिसऱ्या दिवशी कानात वाजलं आणि दार उघडलं नाही. काट्यासमोर गाड्यांची रांग होती. एकाच गाडीचं वजन काकांनी दोनदा लिहिलं. आता ते लंबूचं काम, त्यांनी स्वतःला बजावलं. खुर्ची सोडली तर खुर्ची गेली. पुन्हा दाराकडे पाहिलं. दार बंदच. मग कानात दुसऱ्यांदा वाजलं.

ते कोट न घालताच आत धावले. लंबू आणि दुसरा गडी खोकी रचत होते. घड्याळ लंबूच्या मनगटावर, कोटाच्या बाहीवरून बांधलेलं. त्याचा पडदा कोरा. मागे खोक्यावर तात्या बसला होता, तिघांतला वयस्कर. डोळे मिटलेले.

"पाचच मिनिटं बसतो रे," तो पुटपुटला.

तिघांनी त्याला उचलून बाहेर आणलं, हिटरपाशी घोंगडीत गुंडाळलं. बऱ्याच वेळाने तो थरथरू लागला, लंबूला एक शिवी हासडली, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

"मला वाटलं वाजेल," लंबू म्हणाला. त्याने घड्याळ टेबलावर ठेवलं. उबेत पडद्यावर हळूहळू आकडे उमटले, भिंतीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळणारे.

व्यवस्थापक आले. त्यांनी तात्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि निघून गेले. घड्याळाला कोणी हात लावला नाही. काकांची कानटोपी तीन दिवसांपूर्वी टांगलेली तशीच खुंटीवर होती.

तात्याला घरी पोहोचवून झालं. उरलेली खोकी आत वाट पाहत होती.

काकांनी घड्याळ उचललं. बटण बोटांना जाणवेना. दोनदा निसटलं. शेवटी त्यांनी ते दातांनी दाबलं. वीस मिनिटं. एकोणीस मिनिटं, एकोणसाठ सेकंद.

"चला, आत," ते म्हणाले, आणि खुंटीवरची कानटोपी कानांवर ओढली.