शांतारामला बोट लागली

फरिदाबादच्या ट्रॅक्टरच्या कारखान्यात शांताराम मेहेरला सगळे ‘बंबईवाले’ म्हणत. खरं तर मुंबईत तो कधी राहिलाच नव्हता. त्याचं गाव अर्नाळा, विरारच्या पुढे, दर्याच्या काठावर. पण हरियाणातल्या माणसाला अर्नाळा कुठून समजावून सांगायचं? मग त्यानंही बंबई मान्य करून टाकली.

आयटीआय करून तो विशीत इकडे आला. पहाडगंजमध्ये वाढलेल्या अरुणाशी त्याचं लग्न झालं. तिचे वडील रेल्वेत होते. तिची शाळा मराठी, पण समुद्र तिनं पाहिला होता तो फक्त भूगोलाच्या पुस्तकात. शांतारामच्या घरच्यांनी दिलेलं लग्नाचं जेवणही दिल्लीतच झालं. नंतर त्याचे आईवडील लागोपाठ गेले, आणि तो दोन्ही वेळा एकटाच धावत गावी जाऊन आला. पण गावाबद्दल बोलायचा मात्र रोज. जून महिन्यात फरिदाबादला भाजून काढणारी लू सुटली, कूलरमधून गरम वाफ यायला लागली, की म्हणायचा, “रिटायर झालो ना, की एक दिवससुद्धा इथे राहणार नाही. आपल्या घराच्या पायरीवर भरतीचं पाणी येतं, अरुणा.”

सत्त्याण्णव साली कारखान्यात परदेशी भागीदार आले, नवी यंत्रं आली, आणि जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले गेले. शांतारामनं सही करायला पंधरवड्याची मुदत मागून घेतली. घरी येऊन बूट काढता काढता म्हणाला, “चल, एकदा गाव बघून येऊ. मग सही करतो.”

“चलो,” अरुणा म्हणाली. तिला वाटलं, चार दिवसांची सहल. त्यांची मुलगी सुखदा लग्न होऊन गाझियाबादला होती, जावई चांगला होता. तिला सोडून कायमचं जायचं अरुणाच्या मनात अजिबात नव्हतं.

विरारला एसटीत बसल्यापासून शांताराम खिडकीबाहेर बघत होता. इमारतींमागून इमारती. मिठागरं होती तिथे कॉम्प्लेक्स, आणि प्रत्येकाच्या कमानीवर कुठल्या तरी देवाचं नाहीतर नगराचं नाव. बंदरावर उतरल्यावर त्याला आपली गल्लीच सापडेना. जिथे चिंच होती तिथे एसटीडीचं दुकान होतं. शेवटी त्यानं एका बाईला विचारलं, “बहनजी, बळवंत मेहेर का घर किधर है?”

बाईनं टोपली खाली ठेवली, त्याला नीट न्याहाळलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाली, “क्या काम है तुमको? जमीन देखने आया क्या?”

शांताराम गोंधळला. आपण हिंदीत का विचारलं, हेच त्याला कळेना. मराठी आठवायला एक क्षण लागला, आणि तोपर्यंत अरुणानंच सांगितलं, “अहो, हे बळवंतचे थोरले भाऊ. शांताराम.”

“अगो बाय!” म्हणत ती बाई हसत सुटली. ती बळवंतची बायको कौसल्याच होती. तिनं दिराला याआधी पाहिलं होतं ते फक्त सुतकात, मुंडण केलेलं.

घर पक्कं झालं होतं. पायरीच्या पुढे दगडी धक्का बांधलेला. भरती आता धक्क्यापाशीच थांबत असे. “चांगलंच झालं ना दादा,” बळवंत म्हणाला, “दर पावसात घर उपसायला लागायचं.” शांताराम मान डोलावत राहिला. चांगलं झालं हे त्यालाही दिसत होतं. मग वाईट कशाचं वाटतंय?

दुसऱ्या दिवशी पहाटे तो हट्टानं बळवंतबरोबर होडीवर गेला. लहानपणी याच पाण्यात त्यानं बापाबरोबर जाळी ओढली होती. बेटावरचा किल्ला मागे पडला, वारा लागला आणि त्याच्या पोटात ढवळायला लागलं. मग तो कठड्यावर ओणवा झाला तो परत येईपर्यंत सरळ झालाच नाही. खलाशी आधी हसले. मग त्यांनी हसणं थांबवलं, आणि ते त्याला जास्त लागलं. कोळ्याच्या पोराला बोट लागते, हे त्यानंही कधी ऐकलं नव्हतं.

किनाऱ्यावर पाय ठेवला तर समोर अरुणा. साडीचा काष्टा खोचून, कौसल्याबरोबर मासळी वाळवायच्या वलांडीच्या बांबूंवर बोंबील टांगत होती. घरी मासळीच्या वासानं नाकाला पदर लावणारी अरुणा!

“अहो, तुमचा चेहरा असा का?” तिनं विचारलं.

“काही नाही.” तो वाळूतच बसला. “जाऊ या आपण. उद्याच.”

“उद्या?” ती हातातले बोंबील घेऊन त्याच्याजवळ आली. “मला इथे बरं वाटतंय. यार, किती वर्षांनी मी बाहेर बसून कुणाशी पोटभर बोलले. तिकडे दार लावून घ्यायचं आणि टीव्ही बघायचा. तुम्ही करा सही. आपण इथेच येऊ.”

“आणि सुखदा?”

“सुखदा येईल सुट्टीत. तिला कुठे रोज माझी गरज आहे?”

शांतारामनं पायाची वाळू झटकली. जे वाक्य ऐकायला त्यानं सव्वीस वर्षं घालवली होती, ते आज समोर उभं होतं. “हे ते गाव नाही,” तो कसाबसा म्हणाला.

“मला कुठे ते माहीत होतं?” अरुणा म्हणाली. “मी हेच पाहिलंय. मला हे आवडलं.”

परत येऊन त्यानं सही केली. कारखान्यातल्यांनी हार घातला, भिंतीवरचं घड्याळ दिलं. महिनाभर सामानाची बांधाबांध चालली होती. अरुणा गुणगुणत खोकी भरायची आणि तो मोकळ्या झालेल्या खोल्यांतून फिरायचा. एका संध्याकाळी तो उगाच सायकल काढून कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन आला. पाळी सुटत होती. कुणी हाक मारली नाही, कारण फाटकावर आता नवी माणसं होती.

निघायच्या दिवशी शेजारचे चौधरी स्टेशनवर आले. गाडीत सामान चढवून झाल्यावर त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि शांतारामचा हात धरला. “मेहेर साब, लौटोगे कब?”

“बस, अगले महीने,” शांताराम म्हणाला.

अरुणानं चमकून त्याच्याकडे पाहिलं. आपण हे का बोललो, याचा तोही विचार करत होता. चौधरी “पक्का?” म्हणाले आणि त्यानं “बिल्कुल” म्हणून मान हलवली. गाडी सुटली. अरुणानं डबा उघडला, दोन पोळ्यांवर लोणचं घातलं आणि त्या त्याच्या हातात दिल्या.